नेरूळच्या धारण तलावाभोवतीची पायी फेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या उद्यानात तलावाभोवती चालायला मी नियमित जातो. त्यामुळे ओळखीची मंडळी, त्यांचे नातेवाईक आणि नव्याने नेरूळ-सीवूड्स भागात राहायला आलेली कुटुंबे मला या फेरीविषयी विचारत असतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. एखाद्या गोष्टीचे स्पष्टीकरण दुसऱ्या उत्तरात आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही फेरी नेमकी कोणती आणि ती कुठे आहे?

नेरूळ पश्चिमेला, सेक्टर २६ मध्ये, पाम बीच मार्गाच्या कडेला एक विस्तीर्ण तलाव आहे. त्याच्या काठाने नवी मुंबई महानगरपालिकेने चालण्याचा ट्रॅक आणि उद्यान विकसित केले असून त्यालाच ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ असे नाव आहे. बोलताना लोक नुसते ‘ज्वेल’ म्हणतात. या तलावाला एक पूर्ण वळसा घालून निघालो तेथेच परत येणे, एवढीच ही फेरी आहे. वाट चुकण्याची शक्यता जवळजवळ नाही, कारण पाणी सतत एकाच हाताला राहते.

२. मला चालण्याची सवय नाही. एक फेरी झेपेल का? किती वेळ लागतो?

झेपेल. वाट सपाट आहे, चढउतार नाही आणि थकवा वाटला तर मध्ये बसता येते. बहुतेकांच्या मोबाइलवर एका फेरीचे अंतर दोन ते तीन किलोमीटरच्या दरम्यान दिसते, कारण कोणी आतल्या कडेने चालतो तर कोणी बाहेरच्या. रमतगमत चालणाऱ्याला पाऊण तास धरावा, तर नेटाने चालणाऱ्याला अर्धा तास पुरतो.

सवय नसलेल्यांनी पहिल्या आठवड्यात पूर्ण फेरीचा हट्ट धरू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गोल वाटेची एक अडचण अशी की अर्धी फेरी झाल्यावर परत फिरले काय आणि पुढे गेले काय, अंतर सारखेच उरते. म्हणून आधी दहा मिनिटे पुढे जावे, तेथून मागे फिरावे आणि दर दोन दिवसांनी दोन-तीन मिनिटे वाढवीत जावे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास चालले की ती पूर्ण होते. मध्यम गती म्हणजे काय, हेही अनेक जण विचारतात. चालता चालता शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागला की ती मध्यम गती समजावी.

३. लोकलने यायचे असल्यास कसे यावे?

नेरूळ स्थानकावर उतरावे. मुंबईकडून हार्बर मार्गाने आणि ठाण्याकडून ट्रान्स-हार्बर मार्गाने येथे थेट गाड्या येतात. पश्चिमेला बाहेर पडून रिक्षाचालकाला ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ किंवा ‘वंडर्स पार्कच्या मागे’ असे सांगितले की पुरते. सीवूड्स स्थानकावरूनही रिक्षाने येता येते.

पाम बीच मार्गाकडून चालत येणाऱ्यांना मात्र सावध करावेसे वाटते. वाशी ते सीबीडी बेलापूर हा मार्ग रुंद आणि सरळ असल्यामुळे वाहने अतिशय वेगात येतात. सिग्नलशिवाय इतर ठिकाणी, दुभाजक ओलांडून हा रस्ता पार करण्याचे धाडस कोणीही करू नये. पहाटेच्या अंधारात तर मुळीच नाही.

४. तिकीट लागते का?

नाही. तिकीट वंडर्स पार्कला आहे. ते जवळच सेक्टर १९ए मध्ये असून तेथे जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आणि मुलांसाठी पाळणे आहेत. दोन्ही जागा एकमेकींच्या जवळ असल्यामुळे पाहुण्यांचा गोंधळ होतो.

५. हा तलाव आहे की खाडीचा भाग? ‘धारण तलाव’ म्हणजे नेमके काय?

या उत्तरासाठी मी थोडी जास्त जागा घेणार आहे, कारण हे एकदा समजले की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

हा तलाव शोभेसाठी बांधलेला नाही. नवी मुंबईचा खाडीलगतचा बराचसा भाग पूर्वी खाजण आणि मिठागरांचा होता. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसविणाऱ्या सरकारी महामंडळाने, तेथे भराव टाकून शहर वसविले. ही जमीन इतकी सखल आहे की मोठ्या भरतीच्या वेळी खाडीतील पाण्याची पातळी तिच्या काही भागांपेक्षा वर जाते. अशा वेळी मुसळधार पाऊस सुरू असेल, तर नाल्यांतील पाणी खाडीत जाणार कसे? उलट खाडीचेच पाणी नाल्यांतून वस्तीत शिरेल. समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेल्या भूभागाचा मोठा अनुभव गाठीशी असलेल्या डच लोकांच्या पद्धतीवर यासाठी धारण तलावांची योजना करण्यात आली.

त्यांचे काम असे चालते. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा असतात. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात आणि बाहेरचे पाणी अडते. शहरातून वाहून आलेले पावसाचे पाणी तेवढा वेळ तलावात साठते. ओहोटी लागली की बाहेरची पातळी उतरते, आतील पाण्याचा दाब वरचढ होतो, झडपा उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत निघून जाते. भरतीच्या काही तासांपुरते पाणी धरून ठेवायचे आणि ओहोटीत सोडून द्यायचे, म्हणून ‘धारण’ तलाव. आपण ज्याच्या काठाने फिरतो ती शहराला बुडण्यापासून वाचविणारी यंत्रणा आहे, याची जाणीव प्रत्येक चालणाऱ्याला असावी, असे मला मनापासून वाटते.

६. कधी पाणी भरपूर असते, तर कधी चिखल उघडा पडलेला असतो. भरतीची वेळ आधी कशी कळेल?

पंचांगावरून किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा ठोकताळा असा आहे : त्या दिवशीच्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जो आकडा येतो, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरावेत. पाऊणपट सव्वाअकरा येतात आणि प्रत्यक्षात भरती साडेअकरा ते साडेबाराच्या आसपास होते. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा खाडीच्या आतल्या भागात पाणी थोडे उशिरा चढते, हेही लक्षात ठेवावे. हा ठोकताळा आहे, घड्याळ नव्हे. फेरीची वेळ ठरविण्यासाठी तो पुरेसा आहे, पण होडी पाण्यात लोटायची असेल तर भरती-ओहोटीचे छापील तक्तेच पाहावेत.

यातून एक गमतीची आणि उपयोगाची गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरती सर्वात मोठी आणि ओहोटीही सर्वात खोल. या दिवसांत आपल्याकडे भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री येते. म्हणून या दिवसांत सकाळी सहाला फिरणाऱ्याला खाडीकाठी लांबवर चिखल उघडा दिसतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी असतो आणि सकाळी सहाला भरती असते. महिनाभर रोज त्याच वेळी चालणाऱ्यालाही दृश्य रोज वेगळे का दिसते, याचे कारण चंद्राच्या या हिशेबात आहे.

७. काही दिवशी वास येतो. पाणी खराब झाले आहे का?

दोन वासांतील फरक ओळखता यायला हवा. ओहोटीत चिखल उघडा पडला की कुजलेल्या अंड्यासारखा हलका वास येतो. चिखलाच्या खालच्या थरात प्राणवायू नसतो, तेथे पालापाचोळा कुजताना सूक्ष्मजीव हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याचा हा वास. खाडीकाठी तो असायचाच आणि भरतीबरोबर तो जातो. सांडपाण्याचा, साबणाचा किंवा रसायनाचा उग्र वास मात्र भरती आली तरी जात नाही. तो आला, किंवा पाण्यावर मेलेले मासे तरंगताना दिसले, तर तारीख, वेळ आणि छायाचित्र यांसह महानगरपालिकेकडे तक्रार नोंदवावी.

८. फ्लेमिंगो दिसतील का?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर ‘याच फेरीवर दिसतीलच, असे समजून येऊ नये’ असे आहे. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, साधारण नोव्हेंबरपासून ठाणे खाडीत येऊ लागतात आणि मे अखेरपर्यंत, कधी पाऊस लागेपर्यंत राहतात. त्यांत छोटा रोहित आणि मोठा रोहित अशा दोन्ही जाती असतात. संख्येने छोटे रोहित खूपच अधिक. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

हे पक्षी खोल पाण्यात नव्हे, तर उघड्या चिखलात आणि घोटाभर पाण्यात चोच उलटी धरून शेवाळ व बारीक जीव गाळून खातात. त्यामुळे ओहोटीत ते खाडीच्या चिखलावर दूर पांगलेले असतात. भरती आली की तो चिखल बुडतो आणि ते थवेच्या थवे काठालगतच्या उथळ पाणथळ जागांकडे येतात. सीवूड्समधील डीपीएस शाळेमागचे तळे, एनआरआय संकुलामागची आणि टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ जमीन या त्यांच्या विसाव्याच्या जागा पक्षिप्रेमींना परिचित आहेत. म्हणजे फेरी संपवून तेथे जायचे असेल, तर प्रश्न ६ मधील हिशेबाने भरतीच्या वेळी पोहोचेल असे पाहावे. सकाळी सात-आठ वाजता जाणाऱ्याला नवमी-दशमीच्या आसपासचे दिवस सोयीचे, कारण त्या दिवसांत भरती त्याच वेळेला येते.

तेथे गेल्यावर काठाशी स्थिर उभे राहावे. पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजविणारे, खडे फेकणारे लोक मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी त्यांना थांबविले आहे. विश्रांतीच्या वेळी थवा उठविला, की पुढच्या ओहोटीपर्यंत टिकायची त्याची शक्ती वाया जाते. ड्रोन तर कोणत्याही कारणाने उडवू नये.

९. मग या फेरीत पाहण्यासारखे काय आहे?

खूप काही आहे. काठावरच्या तारेवर किंवा फांदीवर पांढऱ्या छातीचा खंड्या बसलेला असतो. निळी पाठ दिसण्याआधी त्याची खणखणीत किलकारी ऐकू येते. पाणकावळा बुडी मारून मासा धरतो आणि नंतर पंख पसरून वाळत बसतो. वंचक, म्हणजे ढोकरी, मातकट रंगामुळे काठाशी दिसतच नाही. पाऊल जवळ पडले की एकदम पांढरे पंख उघडून उडते. उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे, थंडीत तुतवार, आणि वर्षभर टिटव्या व घारी.

खाडीकडे उतरणाऱ्या नाल्याच्या चिखलाकडे ओहोटीत पाच मिनिटे नुसते पाहत राहावे. आधी काहीच हलत नाही. मग एक बोटभर लांबीची निवटी पुढच्या परांवर रेलून, डोक्यावरचे दोन डोळे फिरवीत चिखलावरून सरकते. तिच्या मागे ओल्या चिखलात एक बारीक, मधोमध नागमोडी रेघ उमटते. निवटी हा मासा आहे, पण त्वचा ओली असेतोवर तो पाण्याबाहेर श्वास घेऊ शकतो. पलीकडे बिळाच्या तोंडाशी खेकड्याचा नर आपली एकच मोठी नांगी वरखाली हलवीत उभा असतो. करावे, दारावे, सारसोळे येथील आगरी-कोळी घरांत निवट्यांचे कालवण कसे होते, हे जुन्या माणसांना जरूर विचारावे. या चिखलाची त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला नाही.

१०. दिवसातील कोणती वेळ चांगली?

मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये सूर्योदयाच्या आगेमागे. आपल्याकडे सूर्योदय मेअखेरीस सहाच्या सुमारास होतो, तर जानेवारीत तो सव्वासातपर्यंत लांबतो, म्हणून वर्षभर एकच वेळ धरून ठेवणे सोयीचे होत नाही. उन्हाळ्यात दमट हवेमुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होण्यास वेळ लागतो. नऊनंतर चालू नये. संध्याकाळी पाम बीचच्या बाजूने सूर्य खाडीवर उतरतो, तो देखावा सुंदर असतो, परंतु गर्दीही तेव्हाच अधिक असते. डिसेंबर-जानेवारीची गोष्ट निराळी आहे. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

११. थंडीत सकाळी धुके असते. तेव्हा चालणे चांगले ना?

दिसते ते सगळे धुके नसते. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. झाकण ठेवल्याप्रमाणे धूर आणि धूळ खालीच अडकते आणि ऊन तापून हवा वर उठेपर्यंत ती निघून जात नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचऐवजी ऊन वर आल्यावर, आठच्या सुमारास चालावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या मोबाइल ॲपवर हवेचा निर्देशांक पाहता येतो. तो १०० पर्यंत असेल तर निःशंक चालावे. २०० च्या वर गेला असेल तर दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि लहान मुलांनी त्या दिवशी फेरी टाळावी. इतरांनी वेग कमी ठेवावा.

१२. पावसाळ्यात फेरी बंद ठेवावी का?

बंद ठेवण्याची गरज नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घरात बसून राहिले तर वर्षाचा तिसरा हिस्सा वाया जातो. फक्त तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली म्हणजे शेवाळ. सावलीतील फरशीवर आणि कठड्यालगत हिरवट काळा थर चढतो आणि तो ओला असताना साबणासारखा निसरडा होतो. एका जुलैमध्ये मी तेथे घसरून मनगटावर पडलो आणि तीन आठवडे पट्टी बांधून होतो, तेव्हापासून कडेने चालणे मी सोडले. तळ झिजलेले बूट पावसाळ्यात घालू नयेत; रबरी चपला तर नकोतच. मधल्या, लोकांच्या पायांनी घासलेल्या भागातून चालावे.

दुसरी गोष्ट वीज. तलावाभोवतीची जागा मोकळी आहे आणि उंच वस्तू कमी आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसपर्यंत मोजून होत नसेल, तर वीज जवळ आहे असे समजून लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. एकट्या झाडाखाली उभे राहू नये.

तिसरी गोष्ट उधाण आणि अतिवृष्टी एकाच दिवशी येण्याची. तिच्याविषयी प्रश्न २१ मध्ये सविस्तर लिहिले आहे.

१३. कोणत्या दिशेने चालावे?

नियम नाही. मी प्रदक्षिणेप्रमाणे, तलाव उजव्या हाताला ठेवून चालतो. कोणत्याही दिशेने चालले तरी डावी कडा धरावी, चौघांनी हात धरून रस्ता अडवू नये आणि मागून धावणाऱ्याला वाट द्यावी.

१४. गुडघे दुखतात. फेरी करावी का? काठी किंवा व्हीलचेअर चालेल का?

सपाट वाटेवर हळू चालणे हे गुडघ्याच्या सामान्य झिजेत बहुधा हितकारक असते, कारण मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा भार हलका होतो. चालताना थोडे दुखून घरी गेल्यावर तासाभरात शांत होत असेल तर चालू ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणे आणि सूज राहत असेल तर अंतर निम्मे करावे. गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल किंवा लाल व गरम झाला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

काठी अवश्य वापरावी. ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे अनेकांना ठाऊक नसते. व्हीलचेअर आणि बाबागाडी सपाट ट्रॅकवरून जाते, मात्र सोबत एक जण असावा आणि कोरडा दिवस निवडावा.

१५. मधुमेह आहे. उपाशीपोटी चालावे की खाऊन?

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पूर्ण फेरी करू नये. गोल वाटेवर सर्वात दूरच्या टोकाला घाम सुटला, हात थरथरू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घर आणि रिक्षा दोन्ही लांब असतात. खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज ठेवावे आणि असे झाल्यास जागीच बसून घ्यावे. चतुर्थी, एकादशी किंवा नवरात्राच्या उपवासातही हीच दक्षता घ्यावी. आपली गोळी यांपैकी आहे का, हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवावे. चालताना छातीत आवळल्यासारखे झाले किंवा डाव्या हाताकडे, जबड्याकडे कळ गेली, तर फेरी पूर्ण करण्याचा विचारही न करता थांबावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

१६. मुलांना सायकल आणता येईल का?

चालण्याच्या ट्रॅकवर नको. ज्येष्ठ मंडळींना मागून येणारी सायकल ऐकू येत नाही आणि दचकून ती नेमकी त्याच बाजूला सरकतात.

१७. एकट्या महिलेने पहाटे जाणे योग्य आहे का?

अनेक जणी जातात. तरीही माझा सल्ला असा की उजाडल्यावर, म्हणजे चालणाऱ्यांची वर्दळ सुरू झाल्यावर निघावे, दोन्ही कानांत इअरफोन घालू नयेत आणि घरी निघण्याची व परतण्याची वेळ सांगून ठेवावी. रोज त्याच वेळेला येणाऱ्यांची महिनाभरात ओळख होते. एखादी काकू दोन दिवस दिसली नाही तर चौकशी होते, हा या फेरीचा मोठा आधार आहे. अडचण आल्यास ११२ हा क्रमांक लावावा.

१८. माशांना पाव, पक्ष्यांना शेव घातली तर काय बिघडते?

पुण्याच्या भावनेने लोक पिशव्या भरभरून आणतात, म्हणून हे नम्रपणे पण स्पष्ट लिहितो. पाण्यात पडलेला पाव आणि पोळी कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरला जातो आणि ज्या माशांना खाऊ घालायचे, त्यांचाच श्वास कोंडतो. काठावर सांडलेल्या शेव-फरसाणावर उंदीर, कावळे आणि भटकी कुत्री वाढतात, आणि काठावर अंडी घालणाऱ्या टिटवीची पिल्ले त्यांच्या तोंडी जातात. येथील पक्ष्यांना त्यांचे अन्न चिखलातच मिळते. प्रश्न ९ पाहावा.

१९. तलाव उथळ झाला आहे, असे ऐकतो. मग गाळ आणि तिवरे काढून का टाकीत नाहीत?

नवी मुंबईतील धारण तलावांची ही सर्वात गुंतागुंतीची बाब आहे. पावसाच्या पाण्याबरोबर गाळ येतो, तळ वर येतो आणि साठवणक्षमता घटते. त्या गाळात, खारे पाणी मिळाले की, तिवराचे बी रुजते आणि काही वर्षांत दाट कांदळवन उभे राहते. कांदळवनाला कायद्याचे कडक संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला ठरविला. त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. त्यामुळे मानवनिर्मित तलावात उगवलेल्या तिवरालाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. गाळ साचू दिला तर तलाव आपले काम करू शकत नाही, आणि तिवरे सरसकट तोडली तर लाटांचा जोर मोडणारी, माशांच्या पिल्लांना आसरा देणारी भिंत जाते. माझे मत असे आहे की मधला खोल भाग आणि झडपांकडे जाणारा प्रवाह परवानगी घेऊन नियमाने मोकळा ठेवावा आणि काठाची तिवरे राखावीत. एखाद्या नागरिकाने सद्हेतूनेही स्वतः फांद्या तोडू नयेत किंवा पाण्यात भराव टाकू नये.

२०. ट्रॅकवर साप किंवा जखमी पक्षी दिसला तर काय करावे?

पाण्याजवळ दिसणारा साप बहुधा दिवड असतो; तो चिडका आहे, परंतु बिनविषारी आहे. तरीही घोणस आणि नाग हे विषारी सापही आपल्या परिसरात आहेत आणि दुरून ओळखण्याची परीक्षा देण्याचे कारण नाही. दहा पावले मागे सरावे, त्याला जाऊ द्यावे, इतरांना थांबवावे. दंश झालाच तर चिरा देणे, चोखणे, दोरीने आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव न हलविता थेट रुग्णालय गाठावे.

जखमी पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. अंगावर सुती कापड टाकून त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, शांत आणि अंधाऱ्या जागी ठेवावे व वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. जमिनीवर फडफडणारे पिल्लू मात्र जखमी असेलच असे नाही. उडायला शिकणारी पिल्ले अशीच खाली येतात आणि आई जवळच्या फांदीवर असते. रक्त नसेल आणि मांजर-कुत्रे जवळ नसेल, तर लांबून अर्धा तास पाहून मगच ठरवावे.

२१. पाऊस थांबला, ऊन पडले, तरी आसपासच्या रस्त्यावर पाणी कसे? आणि अशा दिवशी फेरीला जावे का?

हा प्रश्न मला एका ऑगस्टमध्ये, दुपारी बाराला, एकाच दिवशी तीन जणांनी विचारला होता. त्या दिवशी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. प्रश्न ६ मध्ये लिहिल्याप्रमाणे उधाणाची भरती आपल्याकडे दुपारी येते. सकाळभर कोसळलेला पाऊस तलावात साठतो, नेमक्या त्याच वेळी भरतीमुळे झडपा मिटलेल्या असतात आणि आत जागा उरली नाही की नाले पुढे सरकत नाहीत. पाऊस थांबला तरी पाणी उतरते ते ओहोटी लागल्यावरच, म्हणजे दोन-तीन तासांनी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अशाच भरतीमुळे पाण्याचा निचरा अडला आणि मुंबईची दुर्दशा झाली.

म्हणून जून ते सप्टेंबर या काळात पौर्णिमा-अमावास्येपासून पुढचे तीन-चार दिवस, हवामान खात्याचा नारंगी किंवा लाल इशारा असेल, तर दुपारी अकरा ते तीन या वेळेत फेरीला जाऊ नये. मुंबईत साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा पावसाळ्याआधीच वर्तमानपत्रांत छापून येतात. ते कात्रण दारामागे लावून ठेवावे. ट्रॅकवर किंवा रस्त्यावर पाणी साचलेले असेल, तर त्यातून चालत जाऊ नये, कारण उघडे गटार पाण्याखाली दिसत नाही. पायाला जखम असताना अशा पाण्यातून जावेच लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या प्रतिबंधक गोळीविषयी विचारावे. ती लवकर, ७२ तासांच्या आत घेतलेली बरी. संध्याकाळी पाचनंतर, ओहोटी लागून रस्ता उघडा पडला की फेरी करता येते, आणि त्या वेळी नाल्याच्या पुलावर उभे राहिले तर तलावातील पाणी खाडीकडे जोराने निघालेले दिसते.